१ मेच्या आत ठरवायचंय म्हणून

सांगली, १९ एप्रिल २०२६

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. तू आत्याच्या हॉलमध्ये, मी दुकानात, त्यात काका मधेच लाईनवर. अशात कुणाचंच धड बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसलो. १ मेच्या आत एका कॉलेजला होकार कळवायचाय. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळची ही दोन कॉलेजं, स्वॉर्थमोर की ब्रिन मॉर, यावर घरातलं प्रत्येक माणूस बोललं, मीच तेवढा गप्प राहिलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तू ब्रिन मॉरला जावंस असं मला वाटतं. का, ते पुढे लिहितो. ते तपासून बघ.

पैशाचं आधी उरकू. दोन्हीकडची मदत वजा जाता आपल्याला भरायचा आकडा जवळपास सारखाच येतोय. तेव्हा त्या बाजूनं तुझ्यावर कसलंही ओझं नाही. तुझ्या आईनं आणि मी हिशोब दोनदा केलाय.

आता काका दाखवतात त्या कॉलेजांच्या क्रमवारीच्या यादीबद्दल. स्वॉर्थमोर पहिल्या पाचात, ब्रिन मॉर बरंच खाली, हे खरं आहे. ही यादी ‘यू. एस. न्यूज’ हे अमेरिकन नियतकालिकवाले १९८३ पासून काढतात. गुण कसे देतात ते मी शोधून वाचलं. शंभरातले वीस गुण इतर कॉलेजांच्या प्रमुखांना त्या कॉलेजाबद्दल काय वाटतं, यावर ठरतात. म्हणजे नाव आहे म्हणून गुण मिळतात आणि गुण मिळाले की नाव आणखी वाढतं. पोर्टलंडच्या रीड कॉलेजनं तर १९९५ पासून या यादीला माहिती देणंच बंद केलंय.

पण नावाला किंमत नसते, असं मी तुला सांगणार नाही. मी हळदीच्या धंद्यातला माणूस. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला, कारण लांबचा गिऱ्हाईक पोत्यावरचं नावच वाचतो. त्याला दुसरं काय कळणार? पण सौद्यात बघ. तिथं कुणी पोत्यावरचं नाव वाचत नाही. खरेदीदार मूठभर हळकुंडं उचलतो, एक मोडतो, मोडतानाचा आवाज ऐकतो, आतला रंग उजेडात धरतो आणि मग बोली लावतो. ज्याला मोडून बघता येत नाही, त्यानं नावावर जावं. तुला मोडून बघायला मिळालंय.

तू दोन्ही कॉलेजांच्या लोकांशी व्हिडिओवर बोललीस. मी दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत होतो. स्वॉर्थमोरचा कॉल संपल्यावर तू बाहेर येऊन मला कॉलेजबद्दल सांगितलंस: किती सुंदर आहे, किती हुशार मुलं आहेत, पहिल्या सेमिस्टरचे मार्क धरतच नाहीत. ब्रिन मॉरचा कॉल संपल्यावर तू कॉलेजबद्दल एक शब्द बोलली नाहीस. गाळाबद्दल बोललीस. कॉलवरच्या बाईंनी तुला आपल्या पुराच्या गाळाबद्दल तीन प्रश्न विचारले होते, आणि त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर आपल्याकडे नाही म्हणून तू जेवतानाही अस्वस्थ होतीस. माझा कौल खरं तर त्या रात्रीच ठरला.

तो गाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. गणपती पेठेतलं आपलं दुकान पार बुडालं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे शटर वर करून आत बघत रडवेले उभे होतो. तू सहावीत होतीस. तू शटरच्या पट्ट्यांमधला चिखल चमच्यानं खरवडून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलास, पाणी घालून हलवलास आणि ओट्यावर ठेवलास. दोन दिवसांनी खाली रेती, वर बारीक गाळ, त्याच्यावर लोण्यासारखी चिकणमाती, आणि सगळ्यात वर अजून गढूळ असलेलं पाणी. त्या बरणीकडे बोट दाखवून तू विचारलंस, “यातलं कोयनेचं कुठलं आणि वारणेचं कुठलं?” मला सांगता आलं नाही. मग दुसरा प्रश्न, “वर कोयनेतनं पाणी कधी सोडायचं आणि खाली अलमट्टीतनं कधी, हे ठरवतं कोण?” तेही मला नीट सांगता आलं नाही.

त्या दोन प्रश्नांतला पहिला भूगर्भशास्त्राचा, दुसरा राज्यकारभाराचा. आपल्याकडे अकरावीतच या दोघांमध्ये भिंत घालतात. म्हणून तर तू या लिबरल आर्ट्सच्या मागे लागलीस. तिथं मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवतात, तोवर दगड आणि इतिहास एकाच आठवड्यात शिकता येतात. पण स्वॉर्थमोरमध्ये भूगर्भशास्त्राचा विभागच नाही. ब्रिन मॉरमध्ये तो १८९५ पासून आहे, फ्लॉरेन्स बॅस्कम यांनी उभा केलेला. डॉक्टरेट करताना त्यांना वर्गात पडद्याआड बसवत असत, मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. त्या बाईंनी सुरू केलेला विभाग आहे तो. शिवाय शहरं कशी वाढतात, कशी वसतात, यासाठी तिथं स्वतंत्र विभाग आहे. पूररेषेच्या आत घरं कशी आली, हे तू मला नववीत असताना विचारत होतीस.

तू म्हणशील, दोन्ही कॉलेजांचा करार आहे, स्वॉर्थमोरला राहून ब्रिन मॉरचे वर्ग करता येतात. येतात, मी वाचलं. पण सांगली-मिरजेपेक्षा जास्त अंतर आहे. वर्गाला जाऊन येणं वेगळं आणि ज्या प्रयोगशाळेत रात्री नऊला दिवा दिसला म्हणून सहज डोकावता येतं, ती जागा वेगळी. शिकणं बरंचसं त्या डोकावण्यात होतं.

हे मला कसं ठाऊक, ते तुला कधी सांगितलं नाही. विलिंग्डन कॉलेजात बारावीत असताना एका सरांनी आम्हा चौघांना रविवारी दंडोबाच्या डोंगरावर नेलं होतं. त्यांनी एक काळा दगड फोडून माझ्या हातात दिला. आत पोकळी, आणि पोकळीत साखरेसारखे पांढरे खडे. तो दगड मी वर्षभर उशाशी ठेवला होता. मग १९९४ ला मार्क चांगले पडले, आणि एका मोठ्या नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. घरी पेढे वाटले. दगडांचं शिकायचंय, हे मी तोंडातून काढलं नाही. चार वर्षांत तिथल्या एकाही सरांना माझं नाव माहीत नव्हतं, आणि मीही कुणाला एक प्रश्न विचारला नाही. कॉलेज चांगलंच होतं, इतरांचं तिथं भलं झालं. मला ते मानवलं नाही, एवढंच.

एका गोष्टीनं मात्र मला आठवडाभर झोप नव्हती. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकन संशोधकांचा २००२ चा अभ्यास आहे. नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच राहिली. पण त्यांनीच लिहिलंय की बेताच्या परिस्थितीतल्या घरातल्या मुलांना मोठ्या नावाचा फायदा होतो. फिलाडेल्फियात आपल्याला ओळखणारं कोण आहे? हा विचार मी टाळला नाही. शेवटी असं वाटलं की ब्रिन मॉर हे काही अनोळखी नाव नाही, आणि जिथं सर-बाई तुला नावानं ओळखतील तिथं तुझ्यासाठी चार शब्द लिहिणारं माणूस तयार होईल. आपल्यासारख्यांना ओळख अशीच मिळते.

आत्याला ‘एवढ्या लांब जाऊन मुलींचंच कॉलेज?’ असं वाटतं. तिला सांग, आनंदीबाई जोशी १८८६ ला त्याच फिलाडेल्फियात मुलींच्याच कॉलेजात डॉक्टर झाल्या, आणि त्या तिथं शिकत होत्या तेव्हाच, १८८५ ला, ब्रिन मॉर सुरू झालं. आपलं फर्ग्युसनही त्याच वर्षीचं.

तरीही तुला स्वॉर्थमोरच हवं असेल, तर माझी हरकत नाही. शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेतात, तो तिथला ऑनर्सचा प्रकार तुला आवडलाय, हे मला माहीत आहे. ते कारण असेल तर खुशाल जा. काकांच्या यादीतला नंबर हे कारण असेल, तर आणखी एक रात्र विचार कर.

जे ठरेल ते आधी मला सांग, मग काकांना. बरणी मी माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. झाकण गंजलंय, पण थर जसेच्या तसे आहेत. पाणी भरलेली बरणी विमानात नेता यायची नाही. वरचं पाणी काढून ती वाळवू का, की थर तडकतील, ते कळव. तू सांगेपर्यंत हात लावत नाही.

तुझे,
बाबा