दवाखान्याच्या खोलीबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तीनदा तोंडापर्यंत आलं आणि तिन्ही वेळा मी बेदाण्याचा भाव विचारला. म्हणून पत्र लिहितेय.

महाडची १०८ रुग्णवाहिकेवरची नोकरी सहा महिन्यांपुरती आहे असं मी म्हणाले होते. ते खरं नव्हतं. पुढच्या वर्षाच्या कागदावरही सही करून बसलेय. बाबांनी ओसरीशेजारची खोली रंगवून घेतली, हात धुवायला बेसिनसुद्धा बसवलं, हे आत्याकडून कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबा, रंगाचे पैसे वाया गेले असं म्हणू नका. मी दवाखाना कधीच उघडणार नाही असं नाही. आत्ता नाही, एवढंच.

बीएएमएस करून गाडीत बसून फिरायचं का, असं मामा म्हणाला. त्याला सांगा, २०१४ पासून आपल्याकडे १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो, आणि इथे दवाखान्याची शिकवण पुरत नाही. पहिलाच धडा औषधाचा नव्हता. उतरण्याआधी बघायचं, वायर तुटलीय का, पेट्रोल सांडलंय का, मागून ट्रक येतोय का. आपणच आडवे झालो तर पेशंट एकाचे दोन होतात. म्हणजे आई, तुझी लेक सगळ्यात आधी स्वतःला जपते. तसा नियमच आहे.

दुसरा धडा ऐकून मी वर्गात हसले. अपघातात चारजण पडले असतील तर ओरडणाऱ्याकडे आधी धावायचं नाही. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. चिंचेच्या फांदीवरून दादा आणि मी दोघं पडलो तेव्हा मी गाव गोळा केला होता आणि तू मला ओलांडून दादाकडे गेलीस. वीस वर्षं तो राग धरला होता मी. आता सोडला.

आता जरा अवघड. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, उलटी झाली तर श्वासनळीत जाते. म्हणून श्वास चालू असेल आणि मानेला मार नसेल तर कुशीवर वळवायचं, आणि तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हे शिकवलं तेव्हा मला आजीला नेलेली ती जीपच दिसली. आई, तू तिचं डोकं मांडीवर घेतलं होतंस. मी असते तर मीही चमच्याने पाणीच पाजलं असतं, आपल्याकडे माया तशीच करतात. तिला मुळात काय झालं होतं तेच कुणाला कळलं नाही, तेव्हा पाण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी लिहिलं नसतं. पण तू अजून त्या रस्त्याने जाताना बोलायची थांबतेस, हे मला माहीत आहे.

माझं इथे बरं चाललंय. नर्सबाईंबरोबर खोली आहे, पंखा आहे, डबा लावलाय, तांदळाच्या भाकरीची सवय झाली. गाडी चालवणाऱ्याला इथे पायलट म्हणतात. आमचे पायलट बाबांच्याच वयाचे, रात्रपाळीला मला घरून आंबोळ्या आणतात. आणि याच महाडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. महाडला आलेलं माणूस वाया जात नाही, बाबा!

आता ऐका, आणि दोघांनीही ऐका.

बाबा, रात्रीची लाईट आली की तुम्ही पाणी द्यायला मळ्यात जाता. गमबूट घाला, बॅटरी घ्या. खोपीत जमिनीवर आडवं व्हायचं नाही, खाट आणि मच्छरदाणी. मण्यार झोपेत चावते, सूज नसते, दातांची खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबतो. तसं वाटलं तर करकचून दोरी नको, ब्लेड नको, मांत्रिक तर नकोच. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना.

शुगर ७० च्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर साखरही नाही. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं जड झालं तर झोपून बघू म्हणायचं नाही. शेवटचं ठीक कधी होतं ते घड्याळात बघून ठेवायचं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आधी सीटी स्कॅन लागतो. गावातल्या डॉक्टरांचा मान राखा, पण तिथे वेळ घालवू नका.

आई, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते मी लोडावर शिकवेन. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल म्हणून घाबरायचं नाही. तू पाट्यावर वाटण करतेस, तुला जमेल.

दिवाळीला सुट्टी नाही, रुसू नका. भाऊबीजेला येते. खोलीत सध्या बेदाण्याच्या पेट्या ठेवा, पण बेसिनवर नको.

आणि १०८ ला पत्ता सांगताना मारुतीच्या देवळाजवळ असं सांगू नका. आपल्या गावात मारुती तीन आहेत. पाण्याची टाकी म्हणा, आणि कुणीतरी बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं राहा.

तुमची,
सोनी