डोनेगलच्या डांबरी रॅलीसाठी हलकी गाडी : पाइप, हात आणि जागा हवी

उद्यमबाग, मच्छे, खानापूर आणि निपाणी परिसरातील उद्योजक, वेल्डर, टर्नर, पॅटर्नमेकर बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या शेडमध्ये एक जुनी मारुती झेन पूर्ण उघडी करून स्टँडवर चढवली आहे. तिच्यात एस्टीमचे १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन बसवून आयर्लंडमधील डोनेगल आंतरराष्ट्रीय रॅलीच्या तयारीची गाडी करायची आहे. १९७२ साली सुरू झालेली ही रॅली जून महिन्यात, वाहतूक बंद केलेल्या डांबरी रस्त्यांवर होते. रस्ते अरुंद, उंचवट्यांचे, कडेला दगडी गडगे, आणि पावसाचा नेम नाही. तिथल्या मोठ्या इंजिनांशी ताकदीत बरोबरी होणार नाही. आपले भांडवल म्हणजे कमी वजन.

सर्वांत आधी पाइप लागतात, आणि चुकाही इथेच होतात. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे पिंजऱ्याचा (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याचा) पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा, किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणशक्तीचा हवा. सीटमागच्या मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीच्या दांड्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी चालतो. आम्ही दोन्हीकडे मोठ्या व्यासाचा, पातळ भिंतीचा पाइप धरला आहे. कमानीला ६ मीटर आणि बाकीला २८ मीटर लागले तर पिंजरा सुमारे ६७ किलोत बसतो. दुसऱ्या मापात तोच ७७ किलोच्या घरात जातो. हे दहा किलो बरेचसे छताजवळ असतात, म्हणून वळणात जास्त जाणवतात.

गेट-ग्रिलला वापरतात तो ईआरडब्ल्यू पाइप कृपया आणू नये. त्याला लांबीभर वेल्डची शिवण असते. वाकवताना ती बाहेरच्या अंगाला आली की उलते. सीमलेस असूनही टीसी (कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट) नसेल तर तोही तपासणीत उपयोगाचा नाही. वाकवणे थंडच करायचे, मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ५० मिमीला १५० मिमी. वाकलेल्या जागी व्हर्निअर लावून लहान व्यासाला मोठ्याने भागल्यावर ०.९ च्या खाली येता कामा नये. ४६ आणि ५३ आले तर ०.८७, पाइप बाद. म्हणून ज्यांच्याकडे मँड्रेल बेंडर (आतून आधार देऊन पाइप चपटा न करता वाकवणारे मशीन) आहे त्यांच्याकडून दोन दिवस मशीन आणि ऑपरेटर हवा आहे.

दोन चांगले टिग वेल्डर हवेत, तेही चोख हाताचे. प्रत्येक जोड पूर्ण गोलाईत भरावा लागतो, आणि छताला टेकलेल्या जोडाच्या वरच्या अंगाला टॉर्च पोहोचत नाही. त्यासाठी फ्लोअरला भोके पाडून पिंजरा हातभर खाली सोडायचा, वरचे जोड भरायचे, मग उचलून खाली पेटीसारखे पाय बांधायचे. घाईत हा टप्पा गाळला की वरून अर्धाच जोड भरलेला राहतो आणि रंगाखाली दिसतही नाही. बॉडीच्या शिवणींवर २५ मिमीचे टाके मारण्याआधी जुना सीलंट खरवडून काढणारे हातही लागतील. तो राहिला तर वेल्ड फेसाळतो. एकाच बाजूने सलग टाके मारले तर बॉडी पिळते, आणि पिंजरा बसल्यावर ती सरळ होत नाही.

बॉनेट आणि डिकीचे दार फायबरचे करायचे आहे. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या हातांना हे काम परके नाही. आमच्या मते आपल्या भागाची खरी ताकद तिथेच आहे. मात्र हे पावसाळ्याआधीच उरकले पाहिजे. दमट हवेत पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर चिकट राहतो आणि मोल्डवरून काढताना तुकडा वाकडा होतो.

पुढच्या हबचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते ते दांडे) ईएन २४ या मिश्र पोलादातून टर्न करून, हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग करून हवेत. खांद्याशी धारदार कोपरा नको, ३ मिमीची गोलाई ठेवावी. तडा तिथूनच सुरू होतो. शेवटी बारीक तडे दाखवणारी डाय पेनिट्रंट चाचणी करून द्यावी.

चाचणी चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात होणार नाही. तो लोकांचा रस्ता आहे. गाळप संपल्यावर साखर कारखान्याचे ऊस यार्ड रिकामे असते. असे पक्के, कुंपणाचे आवार चार रविवार मिळाले तर ब्रेक, स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर जुळवता येतील. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलेच द्यावे. उघडा डबा हवेतले पाणी ओढतो, उकळबिंदू उतरतो आणि तापल्यावर पेडल खाली जाते.

रोख मदत सीट, पट्टे, अग्निशामक, कंटेनरचे भाडे आणि एटीए कार्नेच्या (गाडी तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याच्या कस्टम्स कागदाच्या) हमीसाठी वापरली जाईल. कार्ने भारतात फिक्की ही उद्योगांची संघटना देते. जुने पट्टे कोणी देऊ केले तर आधी लेबलवरची मुदत पाहावी.

प्रत्येक वस्तूची आणि रकमेची पावती मिळेल, हिशेब शेडच्या फळ्यावर दर रविवारी लिहिला जाईल. पाइप आणताना टीसीची प्रत सोबत बांधावी आणि पाइपावरचा हीट नंबर (पोलाद कोणत्या ओतीचे ते सांगणारा क्रमांक) ग्राइंडरने घासू नये, ही विनंती.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, बेळगाव