वैशालीतले मतदान नेमके कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रजासत्ताक दिन जवळ आला की ‘वैशालीच्या लिच्छवींकडे अडीच हजार वर्षांपूर्वी गुप्त मतदान होते’ हे आजच्या बिहारमधल्या त्या प्राचीन गणराज्याविषयीचे वाक्य हमखास छापून येते आणि आधाराला बाबासाहेबांचे नाव असते. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी असे संसदीय नियम मोजून दाखवले खरे, पण ते भिक्षुसंघाचे म्हणून. बुद्धाने ते तत्कालीन राजकीय सभांकडून घेतले असले पाहिजेत, हे त्यांचे अनुमान होते. अनुमान पटण्याजोगे आहे, कारण ‘संघ’ आणि ‘गण’ हे शब्दच राजकारणातले. पण लिच्छवींच्या संथागारात, म्हणजे सभागृहात, मते कशी मोजत याची नियमावली आपल्या हाती नाही. हाती आहे ती विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथातली, आणि तिथली रीत आजच्या मतपेटीपेक्षा बरीच निराळी आहे.

संघात आधी ‘ञत्ति’, म्हणजे ठराव मांडायचा. मग तो साध्या कामाला एकदा आणि उपसंपदेसारख्या (भिक्षूची पूर्ण दीक्षा) कामाला तीनदा पुकारायचा. ‘ज्याला मान्य त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे.’ सगळे गप्प राहिले की ठराव मंजूर. हात वर करणे नाही, मोजणी नाही. मतदान (‘येभुय्यसिका’) वाद मिटेनासा झाला तरच. त्यासाठी सलाकागाहापक, म्हणजे मतांच्या शलाका (काड्या) वाटून गोळा करणारा भिक्षू, नेमायचा. आवड, द्वेष, मोह, भय यांनी न झुकणारा आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची राहिली हे ध्यानात ठेवणारा. गुप्त पद्धतीत तो रंगीत शलाका घेऊन एकेका भिक्षूकडे जाई, ‘ही या मताची, ही त्या मताची; हवी ती घे, कोणाला दाखवू नकोस’ असे सांगे. उघड आणि कानात कुजबुजून अशा आणखी दोन पद्धती होत्या.

गोम पुढे आहे. अधर्मवाद्यांची, म्हणजे धम्माविरुद्ध मत देणाऱ्यांची, संख्या जास्त भरते असे दिसले, तर ‘शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत’ म्हणून सलाकागाहापकाने मतदान रद्द करायचे, असे विनयपिटकातल्या चुल्लवग्गात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बहुमत धम्माच्या बाजूने पडले तरच ते बहुमत! आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर काय होईल, हे सांगायला नको.

खुद्द वैशालीतला गाजलेला निर्णयही मतदानाने झालेला नाही. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्याच वज्जी भिक्षूंच्या दहा आचारांवर (त्यात सोने-रुपे स्वीकारणेही होते) वाद पेटला. ७०० भिक्षू जमले, पण बोलणे संपेना. शेवटी पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ जणांच्या समितीकडे प्रश्न सोपवला गेला.

लिच्छवींच्या गणाविषयी जातककथेत ७७०७ राजांचा आकडा येतो. तो शब्दशः घेऊ नये, पण चित्र कळते. सत्ता राजकुळांची होती; दास, कर्मकर, स्त्रिया सभेबाहेर. याला गणराज्य म्हणावे, लोकशाही म्हणताना जपून.

उलट ज्या नियमाकडे कोणी पाहत नाही, तो आजही बोचतो. संघाच्या कामाला कामानुसार ४, ५, १० किंवा २० भिक्षू लागत. सीमेत (संघाने आखलेल्या हद्दीत) असलेला आजारी भिक्षू येऊ शकत नसेल तर त्याची संमती, ‘छंद’, कोणीतरी आणायची. ती न आणता केलेले काम ‘वग्ग’, म्हणजे अपुऱ्या संघाचे, आणि म्हणून बाद. आपल्या ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही.

आपला,
एक वाचक, पुणे