पोर्ट लुईसच्या सोळा पायऱ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटन पुरवण्यांमधून मॉरिशसविषयी वाचताना निळा समुद्र, बोटीतली सैर आणि शामारेलची सात रंगांची माती यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. राजधानी पोर्ट लुईसचा उल्लेख आलाच तर तो खरेदीपुरता. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकाही याच वळणाच्या असतात, हे गेल्या मे महिन्यात आम्हाला अनुभवाने कळले आणि म्हणून हा पत्रप्रपंच.

आम्ही पाच जण होतो: मी, पत्नी, दोन मुले आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. ज्या कंपनीमार्फत गेलो तिने राजधानीच्या वाट्याला अडीच तास ठेवले होते. त्यांतली वीस मिनिटे टेकडीवरच्या सिटाडेल किल्ल्यावर छायाचित्रे काढण्यासाठी आणि उरलेला वेळ कोदाँ वॉटरफ्रंटच्या दुकानांसाठी. तिथून चालत दहा मिनिटांवर असलेला आप्रवासी घाट, म्हणजे कराराने आणलेले हिंदी मजूर जिथे उतरत तो जुना डेपो, कार्यक्रमात नव्हता. मार्गदर्शकाला विचारले तेव्हा ‘तिथे जुने दगड आहेत, बाकी काही नाही’ असे उत्तर मिळाले. शेवटी मोकळा ठेवलेला दिवस किनाऱ्यावर लोळण्यात न घालवता आम्ही ग्रां बेहून साध्या प्रवासी बसने पुन्हा पोर्ट लुईस गाठले.

सकाळ मुलांच्या हट्टापायी डोडोला दिली. नैसर्गिक इतिहास संग्रहालयात या नामशेष पक्ष्याचा जो सांगाडा आहे, तो एकाच पक्ष्याच्या हाडांचा असा जगातला एकमेव संपूर्ण सांगाडा मानला जातो, आणि तो शोधला होता थिरियू नावाच्या, व्यवसायाने न्हावी असलेल्या एका हौशी निसर्ग अभ्यासकाने. मुलांना डोडोपेक्षा हा न्हावीच अधिक आवडला. मग मध्यवर्ती बाजारात कागदात गुंडाळलेली गरम ‘दोल पुरी’ खाल्ली. चण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही पोळी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच, असा निकाल आईने पहिल्याच घासाला दिला. त्यावर सब्जा घातलेला थंडगार आलूदा प्यायला की फालुद्याची आठवण आल्यावाचून राहत नाही.

घाटावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिकीट नव्हते आणि गर्दीही नव्हती. गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ च्या नोव्हेंबरात ‘ॲटलस’ जहाजातून कराराने बांधलेल्या हिंदी मजुरांची पहिली तुकडी या बेटावर उतरली. पुढे १८४९ मध्ये हा डेपो बांधला गेला आणि १९२३ पर्यंत सुमारे पाच लाख माणसे त्यातून गेली. बहुतेक जहाजे कोलकात्याहून येत, पण मद्रास आणि मुंबईहूनही येत. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसे होती. मॉरिशसमधल्या मराठी घरांत आजही गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते.

या डेपोचा निम्म्याहून कमी भाग आज उरला आहे, काही भाग महामार्गाने गिळला. रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकघर, शौचकूप यांचे अवशेष दिसतात, आणि धक्क्यावरून वर चढणाऱ्या त्या सोळा पायऱ्या. आईने खाली चपला काढल्या. तिथल्या रखवालदाराने ‘याची गरज नाही’ असे खुणेने सांगितले, तेव्हा ती मराठीतच म्हणाली, ‘अरे बाबा, देवासाठी नाही, चप्पल घसरते म्हणून.’ मग गुडघ्यावर हात ठेवून, मोठ्याने मोजत ती सोळाही चढली. तिच्या आजोळच्या एका घरातला तरुण ‘मिरिच’ देशाला, म्हणजे मॉरिशसला, गेला आणि परतला नाही, एवढेच तिच्या आईने तिला सांगितले होते. पायरीचा दगड काळा, आपल्याकडच्यासारखाच बेसॉल्ट. भूशास्त्र सांगते की दख्खनचा लाव्हा आणि मॉरिशस बेट ही पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्तबिंदूची अपत्ये आहेत. हे मी आईला सांगून पाहिले, पण तिचे लक्ष पायऱ्यांकडे होते.

शेजारच्या माहिती केंद्रात कळले की उतरलेल्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जहाज अशी माहिती त्यांत असते आणि नंतरच्या काळातल्या अनेकांची छायाचित्रेही. आम्हाला त्या तरुणाचे नावही ठाऊक नसल्याने आमचे काम तिथेच थांबले, पण ज्या कोकणी घरांत नाव आणि गाव दोन्ही आठवणीत आहेत त्यांनी तिकडे जाण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावीत, असे मला मनापासून वाटते.

‘युनेस्को’ने २००६ मध्ये जागतिक वारसा ठरवलेली जागा ‘जुने दगड’ म्हणून गाळली जाते, ती केवळ तिथे दुकाने नाहीत म्हणून, असे म्हणावेसे वाटते. मॉरिशसला सहली नेणाऱ्या मराठी कंपन्यांना माझी विनंती आहे की कोदाँवरच्या दोन तासांतला एक तास त्यांनी घाटाला द्यावा. बस वळवण्याचाही प्रश्न येत नाही. बंदराच्या कडेने चालत जाता येते, आणि माझ्या आईने ते अंतर सावकाश चालूनही पाव तासात पार केले.

आपला,
एक वाचक, चिपळूण