बाबांनी विचारलं, मान्ना म्हणजे नक्की काय?

दिमोना, इस्रायल,
शनिवार रात्र

ती. आई-बाबांना शालोम आणि नमस्कार,

शब्बाथ, आपला शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपून तासभर झाला. मुलं झोपली आणि मी लगेच लिहायला बसले. परवा फोनवर बाबांनी विचारलं होतं, "मान्ना म्हणजे नक्की काय होतं गं? तू तिथे वाळवंटात राहतेस, तुला ठाऊक असेल." तेवढ्यात फोन कट झाला आणि उत्तर राहून गेलं. आज सिनगॉगमध्ये नेमका आपल्या शास्त्रातल्या 'गणना' या पुस्तकातला तोच भाग वाचला. मिसरातून (इजिप्तमधून) सुटून वाळवंटात फिरणारे आपले लोक देवाने आकाशातून पाडलेल्या मान्ना या अन्नाला कंटाळतात आणि मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडतात, तो. ऐकताना सारखा तुमचा प्रश्न मनात येत होता.

गंमत बघा बाबा, तुमचा प्रश्न हेच त्या अन्नाचं नाव आहे. 'निर्गम' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सकाळी दव उडून जातं आणि जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी बारीक पडलेलं दिसतं. लोक एकमेकांना विचारतात, "मान हू?" म्हणजे "हे काय आहे?" तेच नाव पडलं. धण्याएवढा पांढरा दाणा, चव मधातल्या पापडीसारखी. गणनेत रंग गुग्गुळासारख्या डिंकाचा सांगितलाय. लोक ते जात्यावर दळायचे, उखळात कुटायचे, शिजवून त्याच्या पोळ्या करायचे, आणि चव तेलातल्या पक्वान्नासारखी लागायची.

आता झाडांचं सांगते, ते तुम्हाला आवडेल. तुमच्या जास्वंदीवर दरवर्षी पांढरी कापसासारखी कीड पडते ना, पिठ्या ढेकूण? तिचीच एक जातभाई सिनायच्या वाळवंटात झाऊच्या झाडांवर राहते. एरेनबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिचा शोध लावला. मग 1927 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे बोडेनहायमर सिनायमध्ये गेले आणि त्यांनी सगळं नीट पाहून लिहिलं. झाडाच्या रसात साखर भरपूर असते, पण ज्याने अंग वाढतं ते नत्र अगदी थोडं. तेवढं मिळवायला किड्याला गरजेपेक्षा खूप जास्त रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर तो थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. आंब्यावर तुडतुडे आले की पानांवर चिकटा पडतो, तोच हा प्रकार. आपल्या दमट हवेत त्या चिकट्यावर काजळी चढते. तिथली हवा इतकी कोरडी की थेंब लगेच घट्ट होऊन त्याचा दाणा बनतो.

तिथले बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, त्याला आजही 'मन' म्हणतात. बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी 1816 साली तिथे होता. त्याने लिहून ठेवलंय की जूनच्या सुमारास ते लोक सूर्य वर यायच्या आत दाणे वेचतात, कारण उन्हाने ते वितळतात. मग गरम करून फडक्यातून गाळतात, चामड्याच्या पिशवीत भरतात आणि मधासारखे भाकरीला लावून खातात. पहाटे वेचणं, उन्हाने वितळणं, नावसुद्धा तेच! पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

म्हणून या आठवड्यात मी स्वतः बघायला गेले. बसथांब्यामागे झाऊची झाडं आहेत. पहाटे साडेपाचला एका डहाळीवरचा थेंब जिभेला लावला तर खारट! झाऊ जमिनीतलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, तोच हा थेंब. दोन दिवसांनी खालच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक झाड सापडलं. डहाळीला पांढरा कापूस चिकटलेला, खाली मुंग्यांची रांग. दोन पानांच्या बेचक्यात भिजलेल्या साबुदाण्यासारखा एकच दाणा होता, किंचित पिवळट. तो काकवीसारखा गोड लागला. मी तिथेच दगडावर बसून राहिले, बराच वेळ.

पण बाबा, हेच ते मान्ना असं मी म्हणणार नाही. बुर्कहार्टच्या हिशोबात चांगल्या वर्षीसुद्धा सगळ्या सिनायमध्ये पाच-सहाशे पौंडच 'मन' मिळायचं. हंगामात एक माणूस दिवसाला किलोभर वेचू शकतो, असं बोडेनहायमर म्हणतात, पण तो हंगाम थोड्या आठवड्यांचा. शास्त्रात तर माणशी एक ओमेर, म्हणजे दोन लिटरच्या वर, तेही रोज, चाळीस वर्षं. शिवाय ही नुसती साखर. तिचं पीठ दळता येत नाही आणि ती रात्रभर ठेवली तर नासतही नाही. आणि शास्त्रातलं मान्ना शब्बाथला पडत नसे; कुठल्या किड्याला शनिवार कळतो? मला वाटतं, आपल्या पूर्वजांनी वाळवंटात हे दाणे नक्की चाखले असतील. पण त्या अध्यायाचा जीव दाण्यात नाही, तो मापात आहे. ज्याने जास्त गोळा केलं त्याच्याकडे उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. साठवून ठेवलं त्यात अळ्या पडल्या. शुक्रवारी दुप्पट मिळालं, ते मात्र सकाळपर्यंत चांगलं राहिलं.

आणि आज वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दहा आज्ञा येतात विसाव्या अध्यायात. मान्ना सोळाव्यात. म्हणजे सिनाय पर्वतापाशी पोचायच्या आधीच लोक शब्बाथ पाळायला शिकले होते, आणि ते त्यांना या अन्नाने शिकवलं. मला एकदम कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागलेले आपले बेने इस्राएल पूर्वज आठवले. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू विसरली होती, शेमा या प्रार्थनेचे शब्द तेवढे राहिले होते. पण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा थांबायचा. गावाने म्हणूनच आपल्याला शनवार तेली म्हटलं. लहानपणी शाळेत कुणी ते नाव घेतलं की मला वाईट वाटायचं. आता इथे लोकांना मी ते अभिमानाने सांगते.

आई, शुक्रवारी संध्याकाळी तू दोन भाकऱ्या एकावर एक ठेवायचीस आणि वर तो निळ्या काठाचा रुमाल घालायचीस. दोन कशाला, तर शुक्रवारी मान्ना दुप्पट पडायचं म्हणून. आणि रुमाल, कारण ते वरखाली दवाच्या दोन थरांमध्ये झाकलेलं असायचं. मी इथे 'हल्ला' म्हणतात त्या शब्बाथच्या दोन पावांवर तोच रुमाल घालते. एका कडेला हळदीचा डाग आहे, तो मी मुद्दाम धुऊन काढला नाही.

तालमूद या आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात योमा नावाच्या भागात ज्ञानी लोकांनी मान्नावर पानंच्या पानं लिहिलीत. एक जण म्हणतो, तरुणांना ते भाकरीसारखं लागायचं, लहान बाळांना मधासारखं आणि म्हाताऱ्या माणसांना तेलासारखं. तेल्यांच्या घरातली मी, ते वाचून तुमची दोघांची फार आठवण आली.

तिथेच शिमोन बार योखाय या गुरूला त्याचे शिष्य विचारतात, मान्ना वर्षातून एकदाच का नाही पडलं? तो सांगतो, एका राजाने मुलाला वर्षाचा खर्च एकदम द्यायला सुरुवात केली, तर मुलगा वर्षातून एकदाच तोंड दाखवायला यायचा. मग राजाने रोजचं रोज द्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा रोज भेटू लागला.

बाबा, "रोज काय बोलायचं असतं, महिन्यातून एकदा निवांत बोल" असं मला म्हणू नका.

उद्या तुमच्या सकाळी साडेआठला फोन करते. आई, मलिद्याचे पोहे माझे नेहमी गोळा होतात, किती वेळ भिजवायचे ते सांग. बाबा, जास्वंदीवर औषध मारलं नसेल तर आधी पानांवर चिकटा दिसतो का बघा, आणि बोटाला लागला तर जिभेला लावून बघा. गोड लागतो का ते मला उद्या सांगा.

तुमची,
लेक