दोरा बांधलेली दोन फुलं

ती. काकूंना, सा. न. वि. वि.

यंदा दसऱ्याच्या तोरणाला घरचाच झेंडू पुरला. पहाटे परडी भरताना सारखी तुमची आठवण येत होती. हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुम्ही मला काय दिलंत ते लोकांना कळू दे.

आठवतंय ना, पहिल्या वर्षी मी जुन्या तोरणातली वाळकी फुलं कुंडीत कुस्करली होती? जेमतेम दहा-बारा रोपं आली आणि एका रात्रीत सगळ्यांनी मान टाकली. मी औषध आणायला निघाले, तर तुम्ही एक रोप उपटून माझ्या तळहातावर ठेवलंत. मातीलगतचा देठ काळा पडून दोऱ्याएवढा झाला होता. "पाण्यानं गेलं गं. औषध कशाला? माती वाळू दे, वारा लागू दे."

तोरणातलं फूल बी भरायच्या आधीच खुडलेलं असतं, हेही तेव्हाच कळलं. "बी हवं तर झाडावरचं सगळ्यात देखणं फूल देवालासुद्धा तोडायचं नाही." हे ऐकून मी गप्पच झाले होते. मग तुम्ही राखेत घोळवलेल्या बियांची पुडी दिलीत. काळ्या बारीक काड्या, टोकाला पांढुरकी शेपटी.

जूनमध्ये पेरलं. वर्तमानपत्राच्या द्रोणांत रोपं केली आणि द्रोणासकट मातीत लावली, मुळांना धक्का नाही की प्लॅस्टिकची पिशवी नाही. महिन्याभरानं तुम्ही शेंडे खुडायला लावलेत तेव्हा माझा हातच होईना. पण पंधरा दिवसांत बाजूनं फुटवे आले आणि झाड घेरदार झालं. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला तेव्हा निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळून त्यात जरासा साबण घातला आणि फवारलं, तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. ही वेळेची गोष्ट मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नव्हती.

मध्ये एकदा दुकानातल्या संकरित झेंडूचं बी धरलं, तर पुढच्या वर्षी कुठलंच फूल आईसारखं निघालं नाही. तेव्हापासून तुमचंच बी. गौरीसाठी तेरडाही लावते. त्याची शेंग बोट लागताच फुटते, म्हणून पिवळी पडायला लागली की कापडाची पुरचुंडी बांधून ठेवते.

काकू, तुम्ही मुलाकडे राहायला गेल्यापासून कठड्यापाशी उभं राहून विचारावं असं कुणी उरलं नाही. फार चुकल्यासारखं वाटतं. यंदा दोन फुलं लाल दोरा बांधून झाडावरच ठेवलीत. वाळली की पुडी पाठवते. तिकडच्या गॅलरीत ऊन किती वेळ असतं तेवढं कळवा.

तुमची,
शेजारीण