गंधक गाळा, नाहीतर संच बंद करण्याची तारीख द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०२५ रोजी अधिसूचना काढून कोळशावर चालणाऱ्या देशातल्या सुमारे ७८ टक्के वीजसंचांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळे केले. चिमणीच्या उंचीची अट पाळली की पुरे. त्याच्या समर्थनार्थ एक मुद्दा वारंवार मांडला जातो: धुरातला गंधक काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवली तर कार्बनचे उत्सर्जन वाढते, तेव्हा हवामानाच्या दृष्टीने ती न बसवणेच बरे. कमी कार्बनच्या विजेसाठी आग्रह धरणारे आम्ही लोक आहोत. आमचाच युक्तिवाद असा उलटा फिरवला जात असताना गप्प बसणे शक्य नाही, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. २१० मेगावॅटचा एक संच घेऊ. नाशिकच्या एकलहऱ्यात असे तीन आहेत, खापरखेड्यात चार, चंद्रपुरात दोन. ८० टक्के भाराने चालला तर तो दिवसाला सुमारे ४० लाख युनिट वीज देतो. युनिटमागे ७०० ग्रॅम धरले तर रोज २,८०० टन कोळसा जळतो, म्हणजे मालगाडीचा पाऊण रेक. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी असतो हे खरेच आहे. ०.४ टक्के धरू. तरी ११ टन गंधक होतो, आणि जळताना त्याच्या वजनाइतकाच ऑक्सिजन घेऊन तो २२ टन सल्फर डायऑक्साइड बनून चिमणीतून बाहेर पडतो. थोडा राखेत राहतो, पण तो नगण्य. ७ डिसेंबर २०१५ च्या मूळ अधिसूचनेत ५०० मेगावॅटपेक्षा लहान जुन्या संचांना दर घनमीटर धुरामागे ६०० मिलिग्रॅम, ५०० व त्यापुढच्यांना २०० आणि २०१७ पासूनच्या संचांना १०० अशी मर्यादा होती. वरच्या उदाहरणातल्या संचाच्या धुरात हे प्रमाण १,४०० च्या आसपास भरते. कोळशात गंधक कमी असला तरी मर्यादा दुपटीहून जास्त ओलांडली जाते, कारण आपला कोळसा राखेने भरलेला आहे आणि एका युनिटसाठी तो जास्त जाळावा लागतो.

आता एफजीडी बसवली असे समजा. धूर एका उंच टाकीत, ॲबसॉर्बरमध्ये, खालून वर जातो आणि वरून चुनखडीच्या पाण्याचे फवारे पडतात. रोजच्या २२ टनांपैकी २१ टन वायू पकडायला ३६ टनांच्या आसपास चुनखडी लागते आणि ५६ टन जिप्सम निघते. चुनखडी विरघळताना १४-१५ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. पंप, पंखे आणि चुनखडी दळणाऱ्या गिरण्या संचाची एक ते दीड टक्का वीज खातात. तेवढ्या विजेसाठी जळलेल्या कोळशाचा ४० ते ६० टन कार्बन डायऑक्साइड धरा. एकूण ५५ ते ७५ टन. आणि हाच संच एरवी दिवसाला सोडतो ४,००० टन. म्हणजे एफजीडीमुळे वाढ होते ती दोन टक्क्यांच्या आत. जुन्या २१० च्या आणि ६६० च्या सुपरक्रिटिकल (म्हणजे जास्त दाबाच्या वाफेवर, कमी कोळशात चालणाऱ्या) संचाच्या कोळसावापरात याच्या कितीतरी पट फरक आहे. इतकेच काय, तोच संच दुपारी सौर वीज आली म्हणून ५५ टक्के भारावर आणला की युनिटमागचा कोळसा जितका वाढतो, त्यापुढेही हे दोन टक्के फार नाहीत. कार्बनची खरोखर काळजी असेल तर बोलायचे त्या ४,००० टनांबद्दल.

सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवतात, त्यामुळे तापमानवाढ थोडी झाकली जाते, असेही सांगितले जाते. भौतिकशास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण सल्फेट हवेत आठवडाभर टिकते आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके. रोज नव्याने विष सोडत राहायचे आणि त्याच्या आडोशाला कार्बन साठवत जायचे, याला हवामान धोरण म्हणता येत नाही.

दुसरे समर्थन असे की वीज केंद्रांच्या आसपास मोजलेला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय मानकाच्या, म्हणजे वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत आहे. आत असणारच. २२० मीटर, २७५ मीटर उंच चिमण्या बांधल्या त्या त्यासाठीच. वायू उंचावर सुटतो, वाऱ्याबरोबर जातो आणि वाटेत त्याचे रूप बदलते. युरिया टाकलेल्या शेतांतून आणि शेणातून हवेत आलेल्या अमोनियाशी संयोग होऊन त्याचे अमोनियम सल्फेट बनते. एक टन वायू पुरता बदलला तर दोन टन कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांत, मोजले जातात, तेही शेकडो किलोमीटर दूर, भलत्याच जिल्ह्यात. केंद्राच्या फाटकाजवळ वायू मोजून ‘प्रदूषण नाही’ म्हणणे म्हणजे चुकीच्या जागी चुकीची वस्तू मोजणे आहे.

हे सगळे कागदावरचे नाही, महाराष्ट्राने ते करून पाहिले आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. तिथल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राविरुद्ध डहाणू तालुका एन्व्हायर्न्मेंट वेल्फेअर असोसिएशनने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला आणि ती २००७ मध्ये सुरू झाली. तिथे चुनखडी नाही, समुद्राच्या पाण्यातला अल्कधर्म वापरला जातो. आदेशापासून यंत्र फिरेपर्यंत आठ वर्षे लागली, ती लागण्यासारखी तांत्रिक अडचण नव्हती. काम सुरू झाले की तीन ते चार वर्षांत असा प्रकल्प उभा राहतो, आणि संच बंद ठेवावा लागतो तो धुराची नळी जोडण्यापुरता, काही आठवडे. देशातल्या इतर केंद्रांबाबत मुदत आधी २०१७ ची होती, मग ती पुन्हापुन्हा पुढे गेली. प्रत्येक मुदतवाढीबरोबर निविदा महागल्या. मेगावॅटमागे अर्ध्या कोटीच्या आत धरलेला खर्च एक कोटीच्या वर गेला, आणि आता तोच खर्च सवलतीचे कारण म्हणून दाखवला जातो.

तरीही सरसकट प्रत्येक संचाला एफजीडी लावा, असे आम्ही म्हणत नाही. पर्यावरणवाद्यांच्या काही निवेदनांत तशी मागणी असते, ती आम्हाला पटत नाही. १९८० च्या आसपास सुरू झालेल्या २१० मेगावॅटच्या संचावर आज दोनशे कोटी घालायचे, ते वीजदरातून वसूल करायचे आणि वसुलीसाठी संच आणखी पंधरा वर्षे चालू ठेवायचा, हा कार्बनच्या दृष्टीने सगळ्यात वाईट पर्याय. जुलै २०२५ च्या अधिसूचनेत यावर एक वाट आहे. ३१ डिसेंबर २०३० पूर्वी संच कायमचा बंद करण्याचे हमीपत्र दिले तर गंधकाची मर्यादा लागू होत नाही, आणि हमी मोडून संच पुढे चालवला तर युनिटमागे ४० पैसे भरपाई द्यावी लागते. आमची मागणी याच तरतुदीवर उभी आहे. राज्यातल्या प्रत्येक जुन्या संचाबाबत महानिर्मितीने, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने, दोनपैकी एक जाहीर करावे: एफजीडीच्या कार्यादेशाची तारीख किंवा संच बंद होण्याची तारीख. दोन्ही नाहीत अशी तिसरी अवस्था नको, आणि सध्या बहुतेक संच तिथेच अडकलेले आहेत.

संच बंद केला तर वीज कुठून, हा प्रश्न रास्त आहे. २१० मेगावॅटचा संच ६० टक्के भाराने वर्षाला ११० कोटी युनिट देतो. एक मेगावॅट सौर प्रकल्प साधारण १६ लाख. म्हणजे युनिटांची बरोबरी करायला ७०० मेगावॅटच्या आसपास सौर क्षमता आणि मेगावॅटला चार-पाच एकर धरून तीन हजार एकरांवर जमीन लागेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये राज्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचे आहे, तेव्हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. खरी अडचण संध्याकाळची. सात ते दहा या वेळात सौर वीज शून्य असते आणि मागणी चढलेली असते. त्यासाठी बॅटरी किंवा पाणी वर चढवून साठवणारी उदंचन केंद्रे लागतील, आणि ती संच बंद होण्याआधी उभी राहायला हवीत. कृषिपंप मात्र दिवसाच्या विजेवर आले की रात्रीचा भार तसाच कमी होतो. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता बांधावर जावे लागत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा. म्हणून संच बंद करण्याची तारीख आणि त्या भागातल्या सौर वाहिन्यांचे वेळापत्रक एकाच तक्त्यात मांडले पाहिजे. आज ते दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन फायलींत असते.

मोठ्या, नव्या संचांचे तसे नाही. ५०० आणि ६६० मेगावॅटचे संच वीस-पंचवीस वर्षे चालणार आहेत, तिथे एफजीडीला पर्याय नाही. कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॅटच्या संचांसाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली, तेव्हा नागपूरच्या नागरिकांचा पहिला प्रश्न हाच होता, की आहेत त्या संचांचे काय केले? दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना आजही सूट नाही, त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२७ आहे. पाणी कमी पडेल म्हणून एफजीडी टाळण्याचे कारण कोराडीला तरी सांगता येणार नाही. तिथे नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाते. चंद्रपूरचा निर्णय ‘प्रकरणानुसार’ तज्ज्ञ समितीवर सोपवला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात १०० पैकी ८३.८८ गुण मिळालेले ते शहर, आणि केंद्र २,९२० मेगावॅटचे. तिथे प्रकरणानुसार ठरवायचे शिल्लक काय राहिले?

यंत्र बसले म्हणजे काम झाले, असेही नाही. धुरातली धूळ विजेने पकडणारे यंत्र, म्हणजे ईएसपी, नीट चालत नसेल तर राख ॲबसॉर्बरमध्ये उतरते, जिप्सम काळपट होते आणि सिमेंट कारखाने ते उचलत नाहीत. मग त्याचे ढीग राखेच्या तलावाशेजारी साचतात. बाष्पकण अडवणाऱ्या जाळ्या रोज धुतल्या नाहीत तर त्यांवर क्षार चढतो, दाब वाढतो, आणि कर्मचारी बायपासची झडप उघडून धूर थेट चिमणीत सोडतात. बायपास ठेवलाच असेल तर त्याची झडप किती तास उघडी होती, याची नोंद आपोआप प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली पाहिजे.

मोजमापाबद्दल थोडे सविस्तर, कारण फसगत इथेच होते. चिमणीवरचे सततचे मापनयंत्र धुराचा नमुना गरम नळीतून ओढते. ती नळी थंड पडली की आत पाणी साचते, सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पडद्यावर आकडा कमी दिसतो. प्रमाणित वायूच्या सिलिंडरची मुदत संपली असेल तर यंत्र कशाशी जुळवले हेच कळत नाही. सगळ्यात सोपी गफलत ऑक्सिजनची. औष्णिक केंद्रांची मर्यादा धुरात ६ टक्के ऑक्सिजन धरून ठरते. जुन्या संचाच्या धूरनळ्यांना भेगा असतात, बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. ऑक्सिजन ९ टक्के असेल तर मोजलेल्या आकड्याला १५ भागिले १२ ने (हवेतल्या २१ टक्क्यांतून ६ आणि ९ वजा करून) गुणावे लागते. पडद्यावरचे ४८० म्हणजे प्रत्यक्षात ६००. हे गुणणे झाले आहे की नाही, ते आकड्याशेजारी ऑक्सिजनचे प्रमाण छापल्याशिवाय कुणालाही तपासता येत नाही.

म्हणून ज्या गावांजवळ ही केंद्रे आहेत तिथल्या ग्रामपंचायतींना आणि संस्थांना आमची विनंती आहे. केंद्राच्या संमतिपत्राच्या, म्हणजे ते चालवण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा आणि ‘प्रदूषणाची माहिती’ असे मोघम न लिहिता पुढील गोष्टी नावानिशी मागा: प्रत्येक संचाचे दर पंधरा मिनिटांचे सल्फर डायऑक्साइड, धूळ आणि ऑक्सिजनचे आकडे, मापनयंत्राच्या जुळवणीच्या नोंदी, सिलिंडरच्या मुदतीसह, रोजच्या कोळशातल्या राखेचे आणि गंधकाचे प्रमाण, ईएसपीची किती क्षेत्रे (धूळ पकडणारे विभाग) चालू आणि किती बंद होती, आणि संच बंद करण्याचे हमीपत्र दिले असल्यास त्याची प्रत. कोळशातला गंधक आणि चिमणीचा आकडा शेजारी ठेवले की वरच्यासारखा हिशेब कोणताही बारावी विज्ञानाचा विद्यार्थी करील, आणि दोन्ही जुळत नसतील तर हरकतीचा मुद्दा तयार आहे. महानिर्मितीच्या दरनिश्चितीची याचिका वीज नियामक आयोगापुढे येते तेव्हा सूचना-हरकतींना दिलेली मुदत छोटी असते. त्यात याच संचांवर दुरुस्तीसाठी किती भांडवली खर्च मागितला आहे ते पाहा. २०३० अखेरपूर्वी बंद होणार म्हणून सवलत घेतलेल्या संचासाठी दहा वर्षांत फेडायचा खर्च मागितला असेल, तर ती विसंगती आयोगापुढे लेखी नोंदवा.

आपले,
ऊर्जा व पर्यावरण धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते, नागपूर